कल्टार घातलेला शेअर

रविवारी सकाळी साडेसातला आमच्या तव्यावर पहिलं घावन पडतं, तेव्हा मिसिसागात शनिवारच्या रात्रीचे दहा वाजलेले असतात. कॅनडातल्या पुतण्याने फोनची ही वेळ पक्की केली आहे. त्याची मुलं झोपलेली, भांडी आवरलेली, आणि इकडे काका चूळ भरून चहाला बसलेले. एरवी या फोनवर तिकडची थंडी आणि इकडचा उकाडा यांची अदलाबदल होते, वहिनी कॅमेऱ्यात फक्त कपाळ दाखवत ‘मी दिसत्ये का?’ असं विचारतात आणि घावन करपल्याच्या वासावर सभा बरखास्त होते. गेल्या वर्षी मे महिन्यात मात्र पुतण्या एकदम म्हणाला, “काका, तुम्ही बँकेत होतात ना? मला पोर्टफोलिओ लावायचाय.”

‘लावायचाय’ हे क्रियापद ऐकून मी सावध झालो. रत्नागिरीत कलम लावा, दावा लावा की वशिला लावा, फळ खायला पुढची पिढी लागते.

बँकेत मी होतो हे खरं; पण एकतीस वर्षांतली बावीस सोनेतारणाच्या खिडकीमागे गेली. सराफाने बांगडी घासायची आणि मी पावती फाडायची. गुंतवणुकीचं माझं ज्ञान म्हणजे लोक ती कधी मोडतात याचं ज्ञान. जूनमध्ये शाळा, ऑगस्ट-सप्टेंबरात गणपती, आणि मधे कुणाचं तरी ऑपरेशन.

शेअर हा प्रकार मात्र मला नवा नव्हता. कोकणातला माणूस जन्मतःच भागधारक असतो. आमच्या बागेच्या सातबाऱ्यावर सव्वीस नावं आहेत, त्यांतली नऊ कैलासवासी. माझा हिस्सा एक आणा चार पै. आणे-पै चलनातून कधीच गेले, भाऊबंदकीत अजून चालतात. कंपनीची वार्षिक सर्वसाधारण सभा गौरी-गणपतीत भरते. मुंबईचे भागधारक प्रवासखर्च करून येतात, हिशेबाच्या वहीकडे संशयाने बघतात, ठराव कुठलाच मंजूर होत नाही आणि उकडीच्या मोदकांवर सभेचं सूप वाजतं. डिव्हिडंड म्हणून माणशी दोन पेट्या आंबा. तो मुंबईला पोचला की त्यातल्या अर्ध्या फळांत साका निघाल्याचा फोन येतो. साका म्हणजे बाहेरून केशरी, गुळगुळीत, वासाला अस्सल आणि कापल्यावर आत पांढरट गाठ. झाडावर तो दिसत नाही, पेटीत दिसत नाही, सुरी घातल्यावरच दिसतो. ही व्याख्या ध्यानात असू द्या, टोरंटोला जाऊन आपल्याला ती लागणार आहे.

तर पुतण्याने यादी वाचायला घेतली. तिकडे सहा मोठ्या बँका आहेत म्हणे, आणि त्या डिव्हिडंड देतात दर तीन महिन्यांनी. त्यातली बँक ऑफ माँट्रिअल १८२९ पासून देत आली आहे. मधे दोन महायुद्धं आली, १९२९ ची मंदी आली, पण बँकेने भागधारकाला विन्मुख पाठवलं नाही. मी विचारलं, “निघाली कधी ही?” तो म्हणाला, “१८१७, नोव्हेंबर.” मी कप खाली ठेवला. १८१७ च्या नोव्हेंबरात आपल्याकडे खडकीची लढाई चालली होती. इकडे बाजीराव पुणं सोडून निघाले आणि तिकडे त्याच महिन्यात माँट्रिअलला कुणीतरी काउंटर उघडून बसला. पेशवाईच्या सनदा घेऊन आमच्या घराण्यातले लोक पुढे दोन पिढ्या इनाम कमिशनच्या दारात उभे होते. त्याऐवजी खापरपणजोबांनी चार शेअर घेतले असते तर, असा विचार मनात आला. पण खापरपणजोबा समुद्र ओलांडायला तयार झाले नसते, आणि झालेच असते तर परत आल्यावर प्रायश्चित्तात सगळा डिव्हिडंड गेला असता.

पुतण्याला बँकांत फारसा रस नव्हता. बँका बेताचंच देतात, त्यात काय मजा? त्याचं बोट होतं यादीच्या वरच्या टोकावर. तिथे टेलिफोनची जुनी, मातबर कंपनी होती, बीसीई, म्हणजे त्यांची बेल. ती काही दिवसांपूर्वीपर्यंत दहा टक्क्यांच्या वर परतावा दाखवत होती. “शंभर डॉलरला दहा, काका! घरबसल्या!” मी म्हटलं, “इतकं देते कशी?” तर म्हणाला, “डिव्हिडंड तोच आहे, शेअरचा भाव पडला म्हणून टक्केवारी वाढली.” भाव पडल्याचा आनंद मानणारा माणूस मी याआधी फक्त वाशीच्या मार्केटात बघितला होता, आणि तो खरेदीदार होता.

अशा वेळी अर्थशास्त्र कामाला येत नाही, बाग येते. हापूसचा स्वभाव तुम्हाला ठाऊक असेल; एक वर्ष तो भरभरून फळतो, दुसऱ्या वर्षी झाड नुसतं पानं हलवत उभं राहतं. त्यावर औषध म्हणून कल्टार आलं. मूळ नाव पॅक्लोब्युट्राझोल, पण ते उच्चारेपर्यंत मोहोर गळून जातो. पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टात, बुंध्याभोवती मुळांत घालायचं. झाड पालवी आवरतं, मोहोर लवकर येतो आणि दरवर्षी येतो. दापोलीचं कृषी विद्यापीठ सांगतं तेवढ्या मापात घातलं, वर खत-पाणी नीट दिलं, तर ठीक. पण बाग करारावर घेणाऱ्याला तीनच वर्षं काढायची असतात. तो माप कशाला बघतो? तीन वर्षं झाड असं लगडतं की येणारा-जाणारा थांबून फोटो काढतो. चौथ्या वर्षी करारवाला निघून जातो आणि मालकाच्या वाट्याला आखडलेल्या फांद्यांचं, म्हाताऱ्या माणसासारखं झाड उरतं.

“ही तुझी टेलिफोन कंपनी,” मी म्हटलं, “कमावते किती आणि वाटते किती?”

पलीकडे थोडा वेळ कीबोर्ड वाजला. मग आवाज आला, “कमावते त्याच्यापेक्षा जास्त वाटतेय.”

“उरलेलं कुठून आणते?”

“कर्ज.”

“कल्टार घातलंय,” मी म्हटलं. फोनवर शांतता पसरली. तो लहानपणी मे महिन्यात इथेच असायचा, त्यामुळे अधिक सांगावं लागलं नाही.

इथे मला द्रष्टा वगैरे समजू नका. हे बोलणं झालं तेव्हा कंपनी कापाकापी करून मोकळी झाली होती. ८ मे २०२५ रोजी तिने वर्षाचा ३.९९ डॉलरचा डिव्हिडंड १.७५ वर आणल्याचं जाहीर केलं. पुतण्या पाहत होता ती टक्केवारी जुनी होती, म्हणजे मोहोराचा फोटो बघून तो बाग घ्यायला निघाला होता. ज्या कंपनीचे शेअर तिकडे विधवांनी आणि पोरक्या मुलांनी डोळे मिटून ठेवावेत असं पिढ्यान्‌पिढ्या मानलं जायचं, तिची ही गत. आमच्याकडेही एक नाव असंच डोळे मिटून घ्यायचं होतं, म्युच्युअल फंडाची यूएस-६४ योजना. १९६४ साली निघाली, दरवर्षी लाभांश, निवृत्त मास्तरांची लाडकी. आणि जुलै २००१ मध्ये एक दिवस तिची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी बंद. त्या आठवड्यात आमच्या खिडकीवर सोन्याची रांग वाढली होती, एवढं मला पक्कं आठवतं.

आणि साका? तोही तिकडे निघाला आहे. नॉर्टेल नावाची टेलिफोनची यंत्रं करणारी कंपनी. २००० साली टोरंटोच्या बाजाराच्या निर्देशांकात एकट्या तिचा वाटा एक तृतीयांशाहून जास्त होता. म्हणजे शंभर पेट्यांत तेहेतीसहून अधिक पेट्या एकाच झाडाच्या! जानेवारी २००९ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली. सुरी घातल्यावर कळलं.

एव्हाना सूनबाई मागून कॅमेऱ्यात आल्या होत्या. त्यांचं माहेर चिपळूण. वाशिष्ठीच्या काठचं माणूस शेअर बाजाराबद्दल काहीही वाचलेलं नसताना एक गोष्ट जाणून असतं: पाणी चढतं. २००५ च्या जुलैत चढलं, २०२१ च्या जुलैत चढलं. त्यामुळे त्यांच्या माहेरी महत्त्वाची वस्तू पहिल्या मजल्यावर ठेवतच नाहीत, ती पोटमाळ्यावर. “मी सांगत्ये काका, अर्धे पैसे बाँड फंडात ठेवू. ते पोटमाळ्यावर राहतील.”

मला सून पटली. पण ‘बाँड’ शब्द मी थोडा मोठ्याने उच्चारला असावा, कारण कुंपणापलीकडचे आबा जासवंदीतून वर आले. आमच्याकडे बाँड म्हणजे स्टँपपेपर. बाँड करायचा म्हणजे कोर्टाच्या आवारात जाऊन कुणाच्या तरी विरुद्ध काहीतरी लिहून ठेवायचं. “काय, वाटणीचा बाँड करताय? शंभराचा चालत नाही हो आता, पाचशेचा लागतो,” असं सांगून ते निघून गेले, आणि दुपारपर्यंत मुंबईच्या दोन भागधारकांचे फोन आले. बाग विकायला काढल्याची बातमी त्यांना कळली होती.

खरं म्हणजे रोख्यांबद्दल रत्नागिरीकराने एवढं अडाणी असू नये. आमच्या डोक्यावरून जाते ती रेल्वे रोख्यांवर उभी आहे. कोकण रेल्वेचं महामंडळ १९९० मध्ये झालं, केंद्राने आणि चार राज्यांनी भांडवल घातलं आणि बराचसा पैसा बाजारात रोखे विकून उभा केला. २६ जानेवारी १९९८ ला गाडी पूर्ण मार्गावर सुरू झाली. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि पानवलचा तो उंच पूल कुणीतरी ठरलेल्या व्याजाच्या आशेवर पैसे दिले म्हणून झाला. पानवलच्या पुलावरून गाडी जाते तेव्हा खाली बघणारे डोळे मिटतात. त्या क्षणी आपण कर्जावर तरंगतो आहोत हे कुणाच्या मनात येत नाही, आणि तेच बरं आहे.

तर सूनबाईंचा पोटमाळा. तो भक्कम आहे ना, हे पाहायला मी म्हटलं, गेल्या पाच वर्षांचा आलेख दाखव. पुतण्याने स्क्रीन फिरवली. २०२२ साली तिकडचे सर्वसाधारण रोखे फंड अकरा टक्क्यांच्या आसपास पडले होते. सूनबाई गप्प झाल्या. पाणी चढलं तर पोटमाळ्यावर जायचं हे शिकलेल्या माणसाने पोटमाळाच कोसळलेला बघावा, तसं झालं.

इथे मात्र माझी बावीस वर्षांची खिडकी उपयोगी पडली. मी सांगितलं, असं बघ. तू दहा वर्षांची दोन टक्क्यांची पावती करून घरी आलीस. दुसऱ्या दिवशी समोरच्या बँकेने पाच टक्क्यांचा बोर्ड लावला. आता तुझी पावती कुणाला विकायला गेलीस तर पूर्ण किमतीला कोण घेणार? कॅनडाच्या मध्यवर्ती बँकेने त्या एका वर्षात आपला दर पाव टक्क्यावरून सव्वाचार टक्क्यांवर नेला. जुन्या पावत्यांचे भाव पडले. गंमत अशी, की आपली एफडीसुद्धा तेव्हा मनातल्या मनात पडतच असते. फक्त बँक आपल्याला रोज संध्याकाळी फोन करून तसं कळवत नाही. फंड कळवतो. शहाण्या माणसाला त्याचा फायदा होतो आणि रक्तदाबाच्या माणसाला गोळी वाढवून घ्यावी लागते.

“मग सगळेच फंड इतके पडतात?” तिने विचारलं.

नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे जाऊन ज्यांनी बागा पाहिल्या, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. वारा सगळ्यांना एकच. पण अळूचं पान वाकून परत उभं राहिलं, आणि चाळीस फुटी माडाचा शेंडा गेला तो गेलाच. रोख्याची मुदत म्हणजे झाडाची उंची. दोन-तीन वर्षांच्या रोख्यांचा फंड म्हणजे अळू, वीस-तीस वर्षांच्या रोख्यांचा म्हणजे माड. दर खाली आले की माडाला नारळही भरपूर लागतात, हे मी मान्य करतो. पण पोटमाळा म्हणून वापरायचा असेल तर माडावर सामान ठेवू नये. सूनबाईंनी ‘शॉर्ट टर्म’ असा शब्द लिहून घेतला. मला तो सापडला नव्हता. अळू चांगला होता.

ठरलेल्या उत्पन्नावरच आयुष्य काढणाऱ्या माणसाचं काय होतं, हे बघायला रत्नागिरीकराला कॅनडाला जायची गरज नाही, थिबा पॅलेसपर्यंत रिक्षा पुरते. ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८६ मध्ये इथे आणला गेला आणि १९१६ मध्ये इथेच वारला. तीस वर्षं इंग्रज सरकारच्या तनख्यावर. तनखा ठरलेला, इतमाम राजाचा, आणि माणसं वाढती. पुरत नाही म्हणून अर्जावर अर्ज, उधारी, आणि हळूहळू मंडालेहून आणलेली माणकं-जवाहीर विकणं. पुतण्याच्या भाषेत याला भांडवलाला हात लावणं म्हणतात. तो तांबडा वाडासुद्धा मिळाला १९१० च्या सुमारास, म्हणजे चोवीस वर्षं वाट पाहिल्यावर. रत्नागिरीतल्या बांधकामांचा वेग तेव्हापासून कायम आहे. मला नेहमी वाटतं, महागाईसोबत दरवर्षी थोडा थोडा वाढणारा काहीतरी तुकडा त्याच्या तनख्यात असता, तर माणकं आणखी टिकली असती. तिकडे फोर्टिस नावाची वीज कंपनी आहे, ती पन्नासहून जास्त वर्षं दरवर्षी डिव्हिडंड वाढवते आहे. पन्नास वर्षं! आमच्याकडे वळवाच्या पहिल्या थेंबाला दिवे जातात ते जातात, त्यामुळे वीज विकून कुणी नेमाने काही देतो ही कल्पनाच मला परीकथेसारखी वाटली. मी पुतण्याला ते दोनदा वाचायला लावलं.

आणि इथे माझं पाऊल घसरलं. रात्रभर मनात तेच: आपणही घेतले तर? कॅनडाचा डॉलर साठीच्या घरात, मीही साठीच्या पुढे, जमेल आपलं. माहिती काढली. रिझर्व्ह बँक माणशी वर्षाला अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत बाहेर पाठवू देते. ही मर्यादा वाचून मला जरा अपमान वाटला. मर्यादा घातल्यासारखं वाटावं, एवढं तरी माणसाजवळ असायला हवं. माझ्या डोक्यात होते पाचशे डॉलर.

आमचे सीए मारुती मंदिराजवळ जिन्याखाली बसतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग सांगितलं, की डिव्हिडंड निघताना कॅनडाचं सरकार त्यातून पंचवीस टक्के कापून घेईल. उरलेला इथे पोचला की पूर्ण रक्कम माझ्या उत्पन्नात धरून आपलं सरकार टॅक्स मोजेल. तिकडे कापलेल्याची वजावट हवी तर त्याचा फॉर्म निराळा भरायचा. शिवाय रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचं वेगळं परिशिष्ट.

“पाचशे डॉलरवर डिव्हिडंड किती येईल?” त्यांनी विचारलं.

“वर्षाला वीस डॉलर.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. माझ्या वडिलांच्या मर्तिकाचे खर्च ऐकतानाही त्यांनी इतक्या मायेने माझ्याकडे पाहिलं नव्हतं. “काका,” ते म्हणाले, “पोस्टात ज्येष्ठांच्या योजनेला आठ पूर्णांक दोन टक्के आहेत. तेही दर तीन महिन्यांनी देतात.” घरी आल्यावर हिला सांगितलं तर ती म्हणाली, “ते मी तुम्हाला केव्हापासून सांगत्ये. पण मी कुठे टोरंटोला राहते!”

पुतण्याला पोस्टाचा हा मार्ग नाही. एक तर साठी दूर, वर तो अनिवासी. त्याला दूध, घरभाडं आणि मुलांचे स्केटिंगचे बूट डॉलरमध्येच घ्यायचे आहेत, तेव्हा त्याची बाग तिकडेच हवी. शेवटी त्याने काय केलं? एका झाडावर न अडकता बँका, वीज, पाइपलाइन, रेल्वे अशा पुष्कळ कंपन्यांची एकत्र पाटी मिळते ती घेतली, सूनबाईंनी अळूचा फंड घेतला. पाटी कुठल्या खात्यात ठेवायची यावर मात्र दोन रविवार गेले. त्यांच्याकडे २००९ पासून करमुक्त बचतीचं एक खातं आहे, त्याचं लघुरूप टीएफएसए. ते मला शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही, मी त्याला ‘देवघर’ म्हणतो, कारण तिथे टॅक्सवाला चप्पल काढूनही आत येत नाही.

ऑक्टोबरात पहिला डिव्हिडंड आला. एकेचाळीस डॉलर आणि काही सेंट. पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या मनीऑर्डरीवर जगलेल्या घरात ही बातमी कशी शिरते ते सांगतो. मनीऑर्डरीखाली मजकुराची दोन बोटं जागा असे. आई कूपन कापून आधी तो वाचायची, पैसे मागाहून मोजायची. वहिनींनी आता पहिलाच प्रश्न विचारला, “पैशाबरोबर काही लिहिलंय का?”

“नाही गं आई, आपोआप येतात.”

“कुणाला सांगितल्याशिवाय? आठवण केल्याशिवाय?” वहिनींच्या कपाळावर आठ्या दिसल्या, कारण कपाळच दिसत होतं. न मागता पैसे देणारा माणूस त्यांनी आयुष्यात पाहिलेला नाही, आणि दिसला असता तर त्याच्या घरी चहा घेतला नसता.

“मग त्या पैशाचं केलंस काय?” मी विचारलं.

“काढले नाहीत. ड्रिपवर टाकलेत.” म्हणजे आलेल्या डिव्हिडंडचे तिथल्या तिथे पुन्हा तुकडे-तुकडे शेअर घ्यायचे, अशी सोय आहे त्यांच्याकडे. मी आनंदाने मोठ्याने म्हटलं, “वा! ड्रिपवर टाकलंस हे उत्तम केलंस!”

जासवंद हलली. आबा वर आले.

“त्याला म्हणावं, बिल जपून ठेव,” ते म्हणाले, “आणि महाडीबीटीवर अर्ज टाक. ड्रिपला अनुदान आहे.”